सणाला अडचण नाही

चौदा नंबरच्या मादीला काट्यावरच्या डब्यात ठेवलं आणि नेमका तेव्हाच रत्नप्रभाच्या अ‍ॅप्रनच्या खिशात फोन थरथरला. उंदरांच्या खोलीत फोन न्यायला बंदी होती, आवाजाने जनावरं बिचकतात. पण आज हरतालिका, उद्या गणपती, आणि अशा दिवशी घाटकोपरहून मोठ्या जाऊबाईंचा फोन आला नाही असं लग्न झाल्यापासून कधी घडलं नव्हतं. तिने पिंजऱ्याच्या कार्डावर वजन लिहिलं, एकशे बेचाळीस ग्रॅम, चौदाला परत आत सोडलं आणि ती पॅसेजमध्ये आली.

"गो रत्ना, तुझ्या चेडवाची तारीख कधी?" सुनंदावहिनी हॅलोच्या भानगडीत पडत नसत. "उद्या मोदकांक माका हात व्हये. मनालीची कालच अडचण ईली. सून म्हणान आणलंय, पण दरवर्षी सणाकच बाजूक बसता."

"श्रुतिकाचं काही नाही वहिनी. तिची पंधरा दिवसांपूर्वीच होऊन गेली. मोकळी आहे ती."

"बघ! पाडव्याक नाय, नारळी पुनवेक नाय, आता गणपतीक पण नाय. देवाचो हात आसा तिच्यावर. आज निर्जळी धरल्यान मां?"

"हो. सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही."

"पोर असावी तर अशी," सुनंदावहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

परबांच्या घरात पाळी हा शब्द कुणी उच्चारत नसे. अडचण म्हणायचं. अडचण असली की मोदकाला हात नाही, देवाला हात नाही, नैवेद्याच्या ताटाकडे लांबून बघायचं. त्यामुळे सण तोंडावर आला की सुनंदावहिनी घरातल्या तमाम बायकांच्या तारखा पंचांग बघावं तशा गांभीर्याने तपासत. त्या परीक्षेत हे वर्षभर एकच मुलगी पहिल्या नंबराने पास होत होती. रत्नप्रभाची श्रुतिका, वय वर्षं वीस.

आणि उपासाचं तर विचारायलाच नको. गुरुवार, संकष्टी, श्रावणातले सोमवार. विक्रोळीच्या त्यांच्या बिल्डिंगमधल्या बाकीच्या मुली उपासाला वेफर्सची पाकिटं फोडत, तेव्हा श्रुतिका चंद्र उगवल्यावरही "भूकच मेली गं मम्मी" म्हणत दोन घासांवर उठायची. रत्नप्रभाला पोरीचं कौतुक वाटायचं. खोटं कशाला सांगा, थोडा गर्वच वाटायचा, आणि तो तिने चारही मजल्यांवर वाटून झाला होता.

ती खोलीत परतली तेव्हा गंधाली आली होती. गंधालीचं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं. मुलुंडच्या या संशोधन संस्थेतल्या प्राणीगृहात रत्नप्रभा सतरा वर्षं होती. पिंजरे धुणं, खाणं-पाणी, वजनं, एवढंच तिच्या नेमणुकीच्या कागदावर होतं. पण हातात हुन्नर असला की काम आपोआप वाढतं. मादी उंदराच्या शरीराचं चक्र चार-पाच दिवसांचं असतं. ते ओळखायचं तर रोज सकाळी मिठाच्या पाण्याचा एक थेंब आत सोडून परत ओढायचा, काचेवर ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. रत्नप्रभाला ते इंग्रजी नावांनी कधी पाठ झालं नाही. तिने आपली स्वयंपाकघरातली नावं दिली. चपट्या मोठ्या पेशी पसरलेल्या दिसल्या की पोहे, म्हणजे मादी माजावर आली. बारीक गोल ठिपके दिसले की मोहरी, म्हणजे सगळं थंड. हळूहळू गंधालीसुद्धा आपल्या वहीत पो आणि मो लिहू लागली होती.

"चौदा किती, मावशी?" गंधालीने विचारलं.

"एकशे बेचाळीस. सुरुवातीला एकशे शहाण्णव होती."

"आणि स्लाइड?"

"मोहरी. आज विसावा दिवस. तिच्यात आता पोहे दिसायचे नाहीत."

गंधालीच्या प्रयोगात आठ माद्यांच्या पिंजऱ्यात फिरतं चाक बसवलं होतं, आणि त्यांना दिवसातून एकच तास खायला मिळे. उपाशी मेंदू पिल्लं जन्माला घालायचं काम केव्हा आणि कसं बंद करतो, ते तिला शोधायचं होतं. खाण्याचा तास सुरू झाला. रत्नप्रभाने गोळ्या टाकल्या. सात जणी तुटून पडल्या. चौदाने एक गोळी हुंगली, पुढच्या दोन पायांत धरली, टाकून दिली आणि ती चाकात जाऊन पळू लागली.

दोघी बघत राहिल्या. चाक थांबेना.

"मॅडम, हिला काढा," रत्नप्रभा म्हणाली. "पाऊण वजनाच्या खाली गेली की काढायची असा नियम आहे. ही गेलीय."

"चौदा काढली तर गटात सातच उरतात हो."

"नाही काढली तरी सातच उरतील. परवापर्यंत मरेल ती."

गंधालीने ओठ चावला. मग ती वाकली आणि तिने स्वतः चाकाला खीळ घातली. चौदा त्या अडकलेल्या चाकात उभी राहून पाय हलवतच होती.

"मला एक कळत नाही," रत्नप्रभाने विचारलं. "पोटात काही नाही, समोर खायला आहे, तरी पळते कशाला? उपाशी माणूस तर गळून पडतो."

"शेवटी पडतो. आधी नाही पडत. मेंदूला वाटतं की इथलं अन्न संपलं, चला, पुढे शोधू. म्हणून तो पळवतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय उत्साह आहे." गंधाली हातमोजे चढवत होती. "अंगातली चरबी एक रस सोडत असते, लेप्टिन. तो मेंदूच्या तळाशी निरोप देतो की घरात साठा आहे, काळजी नको. साठा संपला की निरोप थांबतो. मग मेंदू काटकसर सुरू करतो. श्वास, काळीज हे चालू ठेवायलाच हवं. पिल्लांचं काम थांबलं तर आज कुणी मरत नाही, म्हणून आधी ते थांबवतो."

"आणि मग खायला दिलं तर?"

"वेळेत दिलं तर येतात बहुतेक पुन्हा माजावर. पण हिच्यासारखी एखादी अशा ठिकाणी पोचते की खाणं समोर असून खाता येत नाही. ती नाटक नाही करत, मावशी. तिला खरंच जमत नाही."

"माणसांत पण असंच?"

"तो भाग उंदराचा आणि आपला फार वेगळा नाही. मुलींमध्ये तर बघायला मिळतं. जिमवाल्या, नाचणाऱ्या, डाएटवाल्या. पाळी थांबते, आणि त्या म्हणतात, बरं झालं, कटकट गेली."

रत्नप्रभाच्या हातात खाण्याचा डबा होता. तो तिने खाली ठेवला. पाडव्याक नाय, नारळी पुनवेक नाय. सुनंदावहिनींचा आवाज तिला जसाच्या तसा ऐकू आला.

"मॅडम, मला अर्धा दिवस सुट्टी पाहिजे."

"आज? काय झालं?"

"अजून माहीत नाही," ती म्हणाली. ते खोटं होतं.

घरी येईपर्यंत बसमध्ये ती स्वतःशी भांडत होती. पोरगी अंधेरीला एअर होस्टेसच्या क्लासला जाते, उभ्याने प्रवास करते, बारीक होणारच. कपडे ढगळे घालते, तर हल्ली फॅशनच तशी आहे. दिवसभर तुरुतुरु असते, आजारी माणूस असं असतं का? मग तिला चाकातले ते पाय आठवत आणि भांडण तिथेच संपे.

घराला कुलूप नव्हतं, दार नुसतं लोटलेलं होतं. नवरा, सहदेव, सकाळीच भावाकडे मखर बांधायला गेला होता. श्रुतिका घरात नव्हती. तिच्या चपला मात्र होत्या. रत्नप्रभा पाणीही न पिता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपाशी गेली. तारखांच्या कोपऱ्यात ठिपका द्यायचा हा घरातला रिवाज. तिची स्वतःची पाळी दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तिथे फक्त श्रुतिकाचे हिरवे ठिपके असत. भाद्रपदापासून मागे मागे तिने पानं उलटली आणि बोटाने दिवस मोजले. तीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. जिथे तीस होते तिथे अठ्ठाविसाव्या दिवशी नारळी पौर्णिमा पडत होती.

कपाटावरून तिने गेल्या वर्षीचं कॅलेंडर काढलं. सव्वीस, चौतीस, एकोणतीस, एकतीस. आणि एक ठिपका भर दसऱ्याला.

चार वर्षांपूर्वी प्रीतम नावाच्या एका विद्यार्थ्याने घरी बसून कार्डं भरली होती. चाळीस माद्या आणि सगळ्या कवायत केल्यासारख्या दर चौथ्या दिवशी माजावर. रत्नप्रभाने ती कार्डं बघून सरांना सांगितलं होतं की जनावर इतकं शहाण्यासारखं वागत नाही. त्या दिवशी सगळ्या संस्थेने तिची पाठ थोपटली होती. आणि इथे, गॅसच्या शेगडीपासून दोन हातांवर, सहा महिने हे कॅलेंडर लटकत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते दुसऱ्याच्या बाबतीत ऐकायला बरं वाटतं.

बाहेर जिन्यावर पावलं वाजली. वर गेली, गच्चीपर्यंत. मग खाली. पुन्हा वर. रत्नप्रभा दारात जाऊन उभी राहिली.

"कितवी?"

श्रुतिका कठड्याला धरून थांबली. केस कपाळाला चिकटले होते. "मम्मी? तू आत्ता कशी?"

"फेरी कितवी?"

"अठरा. असंच गं. घरात बसून बोअर होतं ना."

"पाणी न पिता?"

"उपास आहे ना आज."

"आत ये," रत्नप्रभा म्हणाली.

दोन्ही कॅलेंडरं टेबलावर शेजारी ठेवलेली बघून श्रुतिका दारातच थबकली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही.

"हे ठिपके एका बैठकीत काढलेस," रत्नप्रभा म्हणाली.

"काहीही काय."

"मी असली कार्डं पकडलेली आहेत, श्रुती. शेवटची खरी कधी?"

श्रुतिकाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "शिमग्याच्या आधी."

"दुसरं काही नाही ना गं?"

"छी मम्मी. नाही. आईशप्पथ नाही."

एक क्षण रत्नप्रभाला वाटलं, दुसरं काही असतं तर बरं झालं असतं. निदान ओरडता आलं असतं, एक थोबाडीत देता आली असती. तिने मुलीचा दंड धरला आणि बाही वर सरकवली. बोटं दंडाभोवती सहज मिळाली. कातडीवर तान्ह्या बाळासारखी बारीक लव आली होती.

"किती आहे वजन?"

"बेचाळीस." मग घाईघाईने, "आणि त्यात एवढं काय आहे? सगळे खूश आहेत ना? काकी तर जगाला सांगत फिरते. तू पण सांगतेस. सणाला अडचण नाही, किती गुणाची. मी काय वाईट केलं?"

पोरगी खरं बोलत होती.

"शुक्रवारी इंटरव्ह्यू आहे, मम्मी. तिथे सगळ्यांसमोर काट्यावर उभं करतात. क्लासचे सर म्हणाले, अजून एखादं किलो गेलं तर चेहरा उठून दिसेल. शुक्रवार होऊ दे फक्त. शनिवारपासून खाते. प्रॉमिस."

"नाही खाणार तू."

"अगं खाते म्हटलं ना."

"तुला वाटतंय खाशील. पण शनिवारी खाता येणार नाही. आत्ताच येत नाहीये. संकष्टीला दोन घासांवर उठतेस ते देवासाठी नाही उठत."

"तुला काय माहीत?"

"मला तेवढंच माहीत आहे गं. सतरा वर्षं मी दुसरं काय बघतेय?" आणि तिने चौदाबद्दल सांगितलं. हुंगून टाकलेली गोळी, चाक, खीळ घातल्यावरही हलणारे पाय, सगळं.

श्रुतिकाचा चेहरा लाल झाला. "मी तुझा उंदीर नाहीये."

"नाहीस. उंदीर असतीस तर मला पंधरा दिवसांत कळलं असतं. तुझं कळायला सहा महिने लागले." तिचा आवाज फुटला आणि तिने तो फुटू दिला. "रोज पहाटे उठून मी परक्या जनावरांची वजनं करायला जाते आणि माझी पोर माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेली. मला लाज वाटते श्रुती. तुझी नाही. माझी वाटते."

श्रुतिका खुर्चीत बसली. तिचा गुडघा टेबलाखाली हलत होता. तो तिच्या लक्षातही नव्हता.

रत्नप्रभाने डोळे पुसले आणि शेगडी पेटवली. तिने तांदूळ धुतले.

"काय करतेस? आज हरतालिका आहे. उपास मोडायचा? काकी काय म्हणेल?"

"काकींना मी बघते."

काकींचा फोन यायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्यामागे त्यांच्या घरातला गलका ऐकू येत होता, आणि मखराला खिळे ठोकणारा सहदेवही.

"गो, खंय आसात? वाळू ईली, पत्री ईली. चेडवाक घेऊन लवकर ये, पूजा ऱ्हवली हा."

"आम्ही येत नाही वहिनी. श्रुतिका जेवायला बसतेय."

"हरतालिकेक?" सुनंदावहिनींनी विचारलं. मग आवाज खाली आला. "अडचण ईली काय तिका?"

रस्ता सोपा होता. हो म्हटलं की संपलं. बाजूला बसलेल्या पोरीला कुणी काही विचारत नाही, उद्या मोदकाला बोलावत नाही, चार दिवस सगळं झाकलेलं राहतं. समोर श्रुतिका दोन्ही हात जोडून मानेने सांगत होती, हो म्हण, मम्मी, हो म्हण.

"नाही वहिनी," रत्नप्रभा म्हणाली. "सहा महिने आलेलीच नाही. ती येत नाही, हीच अडचण आहे. पोरगी उपाशी राहून राहून अर्धी झाली आणि आपण दोघी तिची आरती ओवाळत होतो."

श्रुतिकाने हात खाली सोडले.

"उद्या मी तिला हॉस्पिटलात नेणार आहे. मोदकांना आम्ही नाही. ह्यांना सांगा, घरी या म्हणून."

पलीकडे खिळे ठोकायचं थांबलं होतं. मग सुनंदावहिनी म्हणाल्या, "भात नको देव. सोसूचो नाय. पेज कर. वायच मीठ घाल. आणि एकदम भरू नको, दोन-दोन चमचे." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "माका कसा गो दिसूक नाय?" आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

रत्नप्रभाने पातेल्यात आणखी पाणी ओतलं.

"सगळ्या घराला सांगितलंस," श्रुतिका मागून म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. "बाबा तिथेच होते. मनालीवहिनी असेल. आता सगळे माझ्या ताटात बघणार."

"बघू देत."

"शुक्रवारी मी जाणार आहे."

"नाही जाणार."

"दोन वर्षं केलाय मी हा क्लास. तुला माहितीय किती मुली येतात त्या एका इंटरव्ह्यूला? मी तुझ्याशी आयुष्यात बोलणार नाही."

"नको बोलूस. खा."

पेज निवली तशी तिने ती वाटीत ओतली, मीठ टाकलं, चमचा ठेवला आणि वाटी टेबलावर सरकवली. श्रुतिका वाटीकडे बघत बसली. वाफ विरली. वर साय धरू लागली. श्रुतिकाने चमचा उचलला, भरला, ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. पुन्हा भरला. तिच्या डोळ्यांत खरोखरचं भय होतं, जणू त्या वाटीत काही जिवंत आहे. एवढा वेळ रागाने बोलणारी पोर आता लहान झाली होती.

"नाही जमत गं," ती म्हणाली. "मम्मी, मला खरंच नाही जमत."

"माहितीय," रत्नप्रभा म्हणाली. "घाई नाही. मी बसलेय."

तिने दुसरी खुर्ची ओढली. किती घेते, गिळते का, ओठ पुसायच्या निमित्ताने बाहेर काढते का, हे सगळं बघायची तिच्या डोळ्यांना सवय होती, ते थांबेनात.

"तू बघू नकोस ना," श्रुतिका म्हणाली. "प्लीज. तू बघितलंस की अजिबात होत नाही."

रत्नप्रभा उठली. तिने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. भिंतीवर कॅलेंडरचा खिळा होता आणि त्याच्याखाली रंग न उडालेला चौकोन. मागे बराच वेळ काही हललं नाही. जिन्यातून कुणी आरत्यांची पुस्तकं घेऊन बोलत बोलत खाली गेलं. मग चमचा वाटीला लागला.

तिने मान वळवली नाही.